वाघाटी : आपल्या जिल्ह्यातील ठिपकेदार रानमांजर

गोंदिया जिल्ह्यातील कोणत्याही प्राथमिक शाळेत वन्य प्राण्यांचा पाठ सुरू झाला म्हणजे वाघ, बिबट, अस्वल, रानगवा, रानडुक्कर ही नावे मुले एका दमात सांगतात. नागझिरा किंवा नवेगाव यांच्या जवळच्या गावातील मुले त्यात रानकुत्रा व नीलगाय यांची भर घालतात. वाघाटीचे नाव मात्र क्वचितच कोणी घेते, आणि त्यात मुलांचा दोष नाही. हा प्राणी रात्री हिंडणारा, अंगाने अतिशय लहान व स्वभावाने अत्यंत लाजाळू असल्यामुळे जंगलालगत जन्म काढलेल्या माणसालाही तो एकदा दिसेल किंवा दिसणारही नाही.

तथापि जो प्राणी वर्गात कोणाच्या तोंडी येत नाही, तोच एखाद्या दिवशी शेतात अचानक समोर येण्याचा संभव असतो. धानाची कापणी चालू असताना, पुंजणे हलविताना किंवा तणसाचा ढीग उपसताना एखाद्या कोपऱ्यात दोन ठिपकेदार पिले दिसतात, आणि "बिबट्याची पिले! बिबट्याची पिले!" अशी आरोळी उठते. पुढे काय घडते हे निराळे सांगावयास नको. माणसे काठ्या घेऊन धावतात, कुत्री सुटतात, कोणी पिलांना टोपलीत घालून घरी नेतो. ज्या प्राण्याचे सबंध वजन एका कोंबडीएवढे, त्याला बिबट्याच्या नावाने प्राणास मुकावे लागते. म्हणून या प्राण्याची ओळख करून देणे हे परिसर अभ्यासाच्या पाठाचे एक आवश्यक अंग मानले पाहिजे.

वाघाटीचे शरीर डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत ३५ ते ४८ सेंटिमीटर भरते. म्हणजे वर्गातील एक फुटी पट्टीहून थोडे अधिक, फार तर दीडपट. शेपटी याच्या निम्मी किंवा थोडी जास्त. वजन साधारणपणे एक ते दीड किलो. घरातल्या पोसलेल्या बोक्याशेजारी ती उभी केली तर निम्मी दिसेल. जगातील सर्वांत लहान मांजरांत तिची गणना होते. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील काळ्या पायांचे मांजर तेवढे तिच्या बरोबरीला येते. ज्या कुळात वाघ व सिंह आहेत त्याच कुळात ही मुठीएवढ्या तोंडाची मांजरही आहे, हे ऐकून मुलांना नवल वाटते आणि ते वाटू द्यावे.

तिचा रंग करडा, त्यात तांबूस झाक. पाठीवर व कुशीवर गंजाच्या रंगाचे लहान लहान भरीव ठिपके असून ते ओळींनी मांडलेले असतात. लोखंडी पावशी पावसात राहिली म्हणजे तिच्यावर जे तांबूस डाग पडतात, तोच हा रंग. शास्त्रज्ञांनी तिला दिलेल्या लॅटिन नावातील 'रुबिजिनोसस' या शब्दाचा अर्थही गंजलेला असाच आहे. कपाळावरून मानेपर्यंत चार गडद रेषा जातात. दोन डोळ्यांच्या मध्ये नाकाच्या बाजूंनी दोन पांढरे पट्टे असतात. पोट पांढरे व त्यावर मोठे गडद ठिपके. शेपटीवर मात्र ठिपके नसतात किंवा असले तर अगदी पुसट. कान लहान व गोलसर, डोळे तोंडाच्या मानाने फार मोठे. रात्रीच्या अंधुक प्रकाशात शिकार करणाऱ्या प्राण्याला असे डोळे हवेतच.

आता नावाविषयी थोडे. 'वाघाटी' हा शब्द उघडच वाघावरून आलेला आहे. गंमत अशी की, मराठीत याच नावाची एक काटेरी वेलही आहे. तिचे काटे वाघनखांसारखे वाकडे असतात, आणि महाराष्ट्राच्या अनेक भागांत आषाढी एकादशीचा उपवास सोडताना द्वादशीला तिच्या फळांची भाजी करण्याची चाल आहे. त्यामुळे वर्गात 'वाघाटी' म्हणताच एखादी मुलगी "ती आम्ही खातो!" असे म्हणाली, तर तिला हसू नये, तिचे म्हणणे खरेच आहे. शिवाय आपल्या जिल्ह्यात झाडीबोली, पोवारी, गोंडी, हलबी, छत्तीसगढी अशा कितीतरी बोली घरोघर चालतात. या प्राण्याला मुलांच्या घरी जो शब्द असेल तो फळ्यावर पुस्तकी नावाशेजारी लिहावा. नवेगाव येथे वनाधिकारी म्हणून राहिलेले मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी प्राणी, पक्षी व वृक्ष यांच्या नावांचा जो मोठा साठा मराठीला दिला, तो जंगलात राहणाऱ्या माणसांकडून असाच ऐकून ऐकून गोळा केलेला होता.

मोठ्या प्राण्याचे नाव लहान प्राण्याला चिकटण्याचा हा प्रकार केवळ आपल्याकडेच घडला आहे असे नाही. अमेरिका खंडात ओसेलॉट नावाचे एक ठिपकेदार रानमांजर आहे. उत्तरेस संयुक्त संस्थानांतील टेक्सासच्या दक्षिण टोकापासून थेट अर्जेंटिनाच्या उत्तर भागापर्यंत ते आढळते. मेक्सिकोतील नाहुआ लोकांच्या भाषेत 'ओसेलोट्ल' हा शब्द जग्वार या मोठ्या मार्जाराला लावीत. युरोपीय ग्रंथकारांच्या हातून तो या धाकट्या प्राण्याला लागला. ओसेलॉट वाघाटीपेक्षा बराच मोठा, साधारणपणे आठ ते पंधरा किलो वजनाचा. त्याच्या अंगावरील साखळीसारख्या ठिपक्यांची नक्षी इतकी सुंदर की, तीच त्याच्या जिवावर उठली. १९६० नंतरच्या काळात युरोप-अमेरिकेतील श्रीमंत स्त्रियांच्या अंगरख्यांसाठी वर्षाला लाखाच्या घरात ओसेलॉट मारले जात. १९७३ मध्ये वॉशिंग्टन येथे वन्य जीवांच्या व्यापाराविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला व १९७५ मध्ये तो अमलात आला. पुढे कातड्यांच्या या व्यापारास आळा बसला. टेक्सासमध्ये मात्र आज फारच थोडी ओसेलॉट उरली आहेत. तेथे झाडोरा तुटला, शेते व रस्ते वाढले, आणि जी थोडी जनावरे शिल्लक होती त्यांतील पुष्कळशी मोटारींखाली सापडली.

ओसेलॉटची ही हकीकत येथे सांगण्याचे कारण एवढेच की, वाघाटीवर कातड्यासाठी असे संकट आले नाही. इतक्या लहान कातड्याला कोण विचारतो? परंतु ओसेलॉटच्या हकीकतीचा उत्तरार्ध, म्हणजे तुटलेला झाडोरा व मधून गेलेला रस्ता, तो आपल्या जिल्ह्याला फार जवळचा आहे.

वाघाटी ही मूळची आपल्याच बाजूची. भारत, श्रीलंका व नेपाळ एवढ्याच देशांत ती सापडते, जगात इतरत्र कोठेही नाही. शास्त्रात तिचे वर्णन प्रथम १८३१ मध्ये एका फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने केले, तेही पाँडिचेरीकडून मिळालेल्या नमुन्यावरून. पुढे बरीच वर्षे ती दक्षिण भारतातीलच प्राणी अशी समजूत होती. मध्य भारतात ती आहे हे ठामपणे लिहिणाऱ्यांत स्टर्नडेल हे इंग्रज गृहस्थ होते. त्यांचा मुक्काम बालाघाटच्या पलीकडे सिवनी येथे असे. १८६० च्या सुमारास तेथील एका गोंड माणसाने त्यांना वाघाटीची दोन पिले आणून दिली. स्टर्नडेल यांनी ती कित्येक महिने बाळगली आणि १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या सस्तन प्राण्यांवरील ग्रंथात त्यांच्या चपळाईचे कौतुकाने वर्णन केले. ग्रंथात नाव साहेबाचे आले. पण जंगलात ती पिले कोठे असतात आणि ती घरच्या मांजराची नव्हेत हे ज्याला ठाऊक होते, त्या गोंड माणसाचे नाव त्या पानावर नाही. मध्य भारताच्या प्राणिशास्त्रातील कितीतरी गोष्टींचा उगम अशाच निनावी माणसांपाशी आहे.

आपल्या जिल्ह्यातील पुरावाही हाती आहे. नागझिरा अभयारण्यात २०१३ च्या एप्रिल महिन्यात झाडाला बांधून ठेवलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यात वाघाटीचे चित्र टिपले गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नागझिरा, नवीन नागझिरा, नवेगाव व कोका ही संरक्षित वने एकत्र करून नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. त्याचा गाभा साडेसहाशे चौरस किलोमीटरांहून मोठा आहे. साग, ऐन, बीजा, मोह, तेंदू, बांबू अशी येथील पानझडी रूक्ष वने वाघाटीला मानवतात. झाडांच्या ढोली, खडकांच्या फटी, दाट झुडपे यांत ती दिवसभर दडून असते व झाडावर सहज चढते. परंतु ती केवळ अभयारण्याच्या हद्दीतच राहते असे मात्र समजू नये. पुणे जिल्ह्यातील जुन्नरच्या बाजूस, जेथे जंगल नावालाच आहे, तेथे उसाच्या फडात तिची पिले अनेकदा सापडली आहेत. म्हणजे दाट आडोसा व पोटापुरते उंदीर एवढे मिळाले की, माणसाच्या शेताचीही तिला अडचण नाही.

आणि उंदीर तर आपल्याकडे हवे तितके. धानाच्या बांधीचे धुरे पोखरणारा, लोंब्या ओढून बिळात साठविणारा उंदीर शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. वाघाटीचे मुख्य खाणे उंदीर, लहान पक्षी, सरडे, बेडूक व किडे हे होय. ती एकटी सगळ्या शिवाराचे उंदीर संपवील असे सांगणे अतिशयोक्तीचे होईल आणि मुलांना तसे सांगूही नये. साप, घुबड, रानमांजर, मुंगूस ही सारी मंडळी मिळून ते काम करीत असतात. पण शेतात घातलेले विषारी आमिष खाऊन मंदावलेला उंदीर सर्वांत आधी सापडतो तो अशाच शिकाऱ्याला. आमिष कोठे टाकले, मेलेले उंदीर खोल पुरले की तसेच राहिले, हे प्रश्न वर्गात घेण्याजोगे आहेत, कारण संध्याकाळी ते मुलांबरोबर घरी जातात.

जंगलाचा एक तुकडा दुसऱ्याला जोडलेला असणे ही गोष्ट वाघाएवढीच वाघाटीलाही लागते. नागझिरा व नवेगाव यांच्या मधून मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता, आता ५३ आहे. साकोलीकडून सडक अर्जुनी व देवरी यांच्या बाजूने तो छत्तीसगढात उतरतो. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारा लोहमार्गही याच प्रदेशातून गेला आहे. वाघ मोटारीखाली आला तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते. किलोभर वजनाचे मांजर रात्री चिरडले तर सकाळपर्यंत कावळे त्याची खूणही ठेवीत नाहीत, आणि पाहणारा "मांजर मेले" एवढेच म्हणून पुढे जातो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१६ मध्ये वाघाटीला संकटाच्या उंबरठ्यावरील प्राण्यांत घातले, पण मुळात ती किती आहेत याची मोजदाद करणेच अवघड. याशिवाय आणखी एक धोका आहे. गावाच्या कडेला घरची मांजरे तिच्याशी संकर करण्याचा संभव असतो आणि त्यांचे रोगही तिला जडू शकतात.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ठिपके दिसले म्हणजे बिबट असे नव्हे, हे मुलांना कसे शिकवावे?

बिबट्याच्या अंगावरील खुणा मधे पोकळ असून फुलाच्या पाकळ्या गोलाकार ठेवाव्या तशा असतात. वाघाटीचे ठिपके लहान, भरीव व ओळीने असतात. अगदी लहान पिलात मात्र बिबट्याच्या खुणा एकमेकांत मिसळून अंग काळपट करडे दिसते, त्यामुळे केवळ ठिपक्यांवर विसंबणे बरे नव्हे. पंजे पाहावेत. बिबट्याचे पिलू जन्मतःच अर्ध्या किलोच्या आसपास असते, पाय जाड व पंजे अंगाच्या मानाने मोठे. वाघाटीचे नुकते जन्मलेले पिलू शंभर ग्रॅमही भरत नाही. ते सहज ओंजळीत मावेल. बिबट्याचे पिलू मोठ्या वाघाटीएवढे होते तेव्हाही त्याचे डोके रुंद व शेपटी जाड असून शेपटीवर स्पष्ट खुणा असतात.

आणखी दोन प्राण्यांशी गल्लत होते. साधे रानमांजर, जे तलावाच्या काठी व धानाच्या बांध्यांत पुष्कळदा दिवसाही दिसते, ते घरच्या मांजरापेक्षा मोठे, लांब पायांचे असते. त्याच्या अंगावर ठिपके नसतात, पायांवर काळसर पट्टे व शेपटीच्या टोकाकडे काळी कडी असतात. दुसरे जवादी मांजर. त्याच्या नावात मांजर असले तरी ते मांजरकुळातील नव्हे. त्याचे तोंड टोकदार, अंग लांबट, ठिपके ओळीने असले तरी शेपटीवर वरपासून खालपर्यंत कडी असतात. वाघाटीच्या शेपटीवर कडी नाहीत, ही खूण पक्की ध्यानात ठेवावी.

एवढी ओळख झाली तरी तिचा उपयोग पिलाजवळ जाऊन परीक्षा करण्यासाठी नाही, हे मुलांना स्वच्छ शब्दांत सांगितले पाहिजे. आपल्या जिल्ह्यात बिबट खरोखरच आहेत. पिले बिबट्याची असली तर त्यांची आई दूर नसते, आणि ती काय करील हे सांगता येत नाही. म्हणून पिले कोणाचीही असोत, पहिले काम एकच : हात न लावता आल्या वाटेने मागे सरणे व मोठ्या माणसास सांगणे. ओळख पटविण्याचे काम दुरून, मोठ्यांनी करावयाचे. ती ओळख पटली म्हणजे गावातील घबराट ओसरते आणि काठ्या खाली येतात.

पिले एकटी दिसली म्हणजे ती पोरकी झाली असे पुष्कळांना वाटते व दयेने ती घरी आणली जातात. प्रत्यक्षात दिवसा आई आसपास दडून बसलेली असते किंवा शिकारीस गेलेली असते. कापणी त्या भागापुरती थांबविली, कुत्री बांधून ठेवली आणि माणसे दूर झाली, तर अंधार पडल्यावर ती येते व एकेक पिलू मानेला धरून दुसऱ्या जागी नेते. जुन्नरच्या बाजूस वनविभागाने सापडलेली पिले त्याच शेतात परत ठेवून आईच्या स्वाधीन केल्याची उदाहरणे आहेत. म्हणून पिलू कोणी उचललेच असेल तर ते नेमके कोठून उचलले ही जागा विसरता कामा नये. बांधीचा धुरा, जवळचे झाड, पुंजण्याची बाजू हे सारे लक्षात ठेवावे. त्याला गाईचे दूध पाजू नये, पोरांच्या हाती खेळावयास देऊ नये. वनविभागास १९२६ या क्रमांकावर दूरध्वनीने कळवावे, अथवा जवळच्या वनरक्षकास निरोप पाठवावा.

स्टर्नडेल यांच्या काळी पिले पाळणे हा शौक होता. आज तो गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत वाघाटीचा समावेश आहे. त्या अनुसूचीत वाघ आहे, बिबटही आहे. तिला मारल्यास तीन ते सात वर्षांपर्यंत कैद व दंड अशी शिक्षा सांगितलेली आहे. कायद्याच्या लेखी किलोभर वाजनाचे हे मांजर वाघाच्या पंक्तीला बसते, ही गोष्ट पालकसभेत सांगण्यास हरकत नाही. धाक घालण्याच्या सुरात मात्र ती सांगू नये. ज्याच्या गोठ्यातले वासरू बिबट्याने खरोखर नेले आहे, त्याच्या भीतीला कारण आहे. त्याचे आधी ऐकून घ्यावे आणि मग दोन प्राण्यांतील फरक दाखवावा.

पाठ घेताना चित्रापेक्षा मापाचा उपयोग अधिक होतो असे दिसून येईल. चित्राच्या पुस्तकात वाघ व वाघाटी एकाच आकाराचे छापलेले असतात आणि सारा घोटाळा तेथूनच सुरू होतो. त्यापेक्षा वर्गाच्या फरशीवर खडूने खऱ्या मापाच्या आकृती काढाव्यात. वाघाटी ४५ सेंटिमीटर, तिची शेपटी २५ सेंटिमीटर. शेजारी घरचे मांजर मुलांनीच मोजून आणलेल्या मापाचे. आणि बिबट, ज्याचे शेपटीशिवायचे अंगच मीटरभराहून लांब भरते, तो भिंतीपर्यंत. वजनासाठी दुकानदाराकडून एक किलोचे माप तासापुरते मागून आणावे व ते प्रत्येक मुलाच्या हाती द्यावे. लहान इयत्तांना एवढे पुरे. चौथी-पाचवीच्या मुलांनी घरी आजी-आजोबांना विचारून तीन गोष्टी लिहून आणाव्यात : असे मांजर कधी पाहिले का, कोठे पाहिले, आणि त्याला घरी काय म्हणतात. "पाहिले नाही" हे उत्तरही वहीत लिहावे.

रस्त्याने येणाऱ्या मुलांना सडकेवर मेलेले ठिपकेदार मांजर दिसले, तर त्यांनी सडकेवर उतरू नये. शाळेत येऊन सांगावे. शिक्षकांनी दिनांक, वेळ, किलोमीटरचा दगड व दोन्ही बाजूंस शेत होते की जंगल एवढे टिपून वनविभागास कळवावे. पुढे कधी त्या ठिकाणी प्राण्यांसाठी रस्त्याखालून वाट काढण्याचा विचार झाला, तर अशा टिपणांचाच आधार घ्यावा लागतो.